सिद्धेश्वरनं निघा, थेट सिनेमात उतरा

सिनेमाची मुंबई बघायची म्हणून सोलापूरहून निघालेली मंडळी बहुतेक वेळा वांद्र्याला नाहीतर जुहूला जातात. तिथं नटनट्यांच्या बंगल्यांची बंद फाटकं बघून फोटो काढतात आणि परत फिरतात. माझं ऐका. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसा आणि सकाळी दादरला जाग आली की तिथंच उतरा. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडा आणि दादासाहेब फाळके मार्ग विचारा. ज्या मोहल्ल्यात आपला सिनेमा जन्मला आणि दुडुदुडु धावायला शिकला, त्याच मोहल्ल्यात तुम्ही उभे आहात. पुढं परळ-लालबागपर्यंत पायी फिरलात तर या गल्ल्यांमध्ये सोलापूरची, पंढरपूरची, करमाळ्याची माणसं आणि गोष्टी पावलोपावली भेटतील. त्यातल्या काही खास इथं देतो. पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी असू द्या, चालणं बरंच आहे.

हॉलिवूड आणि दादर: वयात जेमतेम काही महिन्यांचं अंतर

हॉलिवूडच्या हद्दीत पहिला स्टुडिओ थाटला तो नेस्टर कंपनीनं, ऑक्टोबर १९११ मध्ये, सनसेट बुलेवारवरच्या एका जुन्या खानावळीत. दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले ते एप्रिल १९१२ मध्ये आणि त्याच वर्षी दादरच्या बंगल्यात त्यांचं काम सुरू झालं. पुढची गोष्ट तर त्याहून भारी आहे. हॉलिवूडमध्ये तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणजे सेसिल डेमिलचा 'द स्क्वॉ मॅन'. तो प्रदर्शित झाला फेब्रुवारी १९१४ मध्ये. आपला 'राजा हरिश्चंद्र' त्याआधीच, ३ मे १९१३ रोजी, गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला होता. डेमिलच्या चमूनं घोड्यांचा तबेला भाड्यानं घेऊन काम केलं, तो तबेला आज संग्रहालय म्हणून जपलेला आहे. फाळक्यांच्या बंगल्याच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

त्याआधी आले पंढरपूरचे पुंडलिकराव

'राजा हरिश्चंद्र'च्याही वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, त्याच कोरोनेशनच्या पडद्यावर 'श्री पुंडलिक' झळकला होता. दादासाहेब तोरणे यांनी मराठी रंगभूमीवरचं नाटक कॅमेऱ्यानं टिपून तो तयार केला. कॅमेरा चालवणारा माणूस इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली. नाटकाचं चित्रण आणि परदेशात झालेली प्रक्रिया, या दोन कारणांनी पहिलेपणाचा मान बहुतेक अभ्यासक 'राजा हरिश्चंद्र'ला देतात आणि वाद अजून मिटलेला नाही. तो मिटेल तेव्हा मिटो. आपल्यासाठी एवढं पुरे आहे की भारतात पडद्यावर आलेल्या अगदी सुरुवातीच्या कथानायकांपैकी एक आई-वडिलांची सेवा करणारा, विठोबाला विटेवर उभा करणारा, सोलापूर जिल्ह्यातला भक्त होता.

मथुरा भवन: कारखाना म्हणा, सिनेमा म्हणू नका

आता फाळके मार्गावर या. पूर्वी याला दादर मेन रोड म्हणत. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी कमी करायला सरकारनं दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहतीची योजना आखली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथं मोकळी जागा आणि भरपूर ऊन होतं. विजेच्या दिव्यांवर चित्रीकरण करायची सोय नव्हती, सगळी भिस्त सूर्यावर. फाळक्यांनी याच रस्त्यावरच्या मथुरा भवन नावाच्या बंगल्यात बिऱ्हाड केलं आणि तिथंच स्टुडिओ उभारला.

पहिलं काम सिनेमाचं नव्हतंच. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून वेल होईपर्यंत कॅमेऱ्यानं थोडी थोडी चित्रं घेतली. पडद्यावर रोप झरझर वाढताना दिसलं आणि पैसे लावणारे चकित झाले. भांडवल मिळालं ते त्या वाटाण्याच्या जोरावर. तरी विमा गहाण पडला, आणि बायकोचे दागिनेही.

ती बायको म्हणजे सरस्वतीबाई. माझ्या मते या रस्त्याला त्यांचंही नाव शोभलं असतं. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडता यायची. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायनं त्या कालवत. दिवसा उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर फेकायला पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. आणि एवढं करून साऱ्या कलाकारांचा, कामगारांचा स्वयंपाक त्यांच्याच चुलीवर शिजायचा. आजच्या श्रेयनामावलीत चार-पाच खात्यांची नावं लागली असती, ती सगळी खाती त्या एका बाईनं सांभाळली.

'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना. फाळक्यांनी सगळीकडे विचारून पाहिलं, कोठीवरच्या बायकांनीसुद्धा नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात अण्णा साळुंके नावाचा सडपातळ आचारी दिसला. महिना १० रुपयांवर राबत होता, फाळक्यांनी १५ देऊ केले आणि भारतीय पडद्याला पहिली नायिका मिळाली. पुढं १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना मिशी काढायला राजी करणंही सोपं नव्हतं. वडील हयात असताना मिशी उतरवायची नाही, हा रिवाज. एकेकाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागल्या. रोहिदासाचं काम तर कुणीच आपल्या पोराला करू देईना, कारण तो पोरगा पडद्यावर मरतो. मग फाळक्यांनी स्वतःच्याच मुलाला, भालचंद्रला, उभं केलं.

सिनेमात काम करणं तेव्हा इतकं हलकं मानत की फाळके नटांना सांगत, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे म्हणा. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चं नाव तिथूनच आलं. २००९ साली भारतानं ऑस्करसाठी पाठवलेला चित्रपट तो हाच.

आकड्यांची एक गंमतही सांगतो. सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र आणि तिकीट फक्त तीन आणे, अशा अर्थाची जाहिरात फाळक्यांनी केली होती. फिल्मची लांबी होती ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रं बसतात. गुणाकार करून बघा, उत्तर ५९ हजारांच्या घरात येतं. म्हणजे फोटोंचा आकडा जवळपास बरोबर होता. मैलांचा मात्र फुगवलेला, कारण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही.

रणजीत: तारे इथले, कापूस तिथला

याच फाळके मार्गावर रणजीत स्टुडिओ. चंदुलाल शाह आणि नटी गोहर यांनी १९२९ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचा डोलारा असा की शेकडो माणसं पगारावर होती. 'आभाळात नाहीत एवढे तारे रणजीतमध्ये' असं त्यांचं ब्रीद. ते उचललं होतं हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीकडून, तिचंही ब्रीद हेच होतं. कुंदनलाल सैगल यांचा 'तानसेन' (१९४३) इथलाच.

मग एवढी कंपनी बसली कशी? चंदुलाल शाह मूळचे शेअर बाजारातले. १९४४ मध्ये कापसाच्या सट्ट्यात त्यांनी प्रचंड पैसा गमावला, रेसच्या घोड्यांनी उरलासुरला नेला. १९७५ मध्ये ते गेले ते हलाखीत. कापसाचा भाव घसरला की काय होतं, हे गिरण्यांच्या सोलापूरला कुणी शिकवायला नको. जुनी मिल १८७७ ची. तेव्हापासून या शहराची चूल कापसावर पेटायची आणि कापसावरच विझायची. रणजीतच्या फाटकासमोर उभं राहिलं की हे हटकून आठवतं.

आसपास रूपतारा आणि श्री साउंड या स्टुडिओंची नावंही जुनी माणसं सांगतील. कोहिनूर फिल्म कंपनीही दादरचीच. तिच्या 'भक्त विदुर'मधला (१९२१) विदुर हुबेहूब गांधीजींसारखा दिसतो म्हणून मद्रासमध्ये आणि सिंधमध्ये त्यावर बंदी आली होती.

हंटरवाली, धावती भेट

दादरहून परळला या. पुढच्या काळात राजकमल स्टुडिओ झालेली जागा आधी वाडिया मूव्हिटोनची होती. जमशेद आणि होमी वाडिया या भावांनी १९३३ मध्ये कंपनी काढली आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी इव्हान्सला 'फिअरलेस नाडिया' करून टाकलं. १९३५ च्या 'हंटरवाली'त ही बाई चाबूक फिरवत गुंडांना लोळवायची. गिरणगावच्या पब्लिकनं तिला डोक्यावर घेतलं.

शांतारामाचा मुलगा, शांताराम झाला

आता जरा थांबा, कारण या फेरीतली सगळ्यात जवळची गोष्ट इथं आहे.

व्ही. शांताराम १९४२ मध्ये प्रभात सोडून पुण्याहून मुंबईला आले आणि परळच्या याच जागेत त्यांनी राजकमल कलामंदिर उभं केलं. वडिलांचं नाव राजाराम, आईचं कमला, म्हणून राजकमल. इथं १९४६ मध्ये तयार झाला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'.

द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. जन्म १० ऑक्टोबर १९१०. वैद्यकीय शिक्षणासाठी ते आले परळच्याच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे केईएम रुग्णालयाला जोडलेल्या कॉलेजात. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसनं पाच भारतीय डॉक्टरांचं पथक १९३८ मध्ये तिकडे पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे चौघे परतले. कोटणीस मागं राहिले, उत्तर चीनच्या डोंगराळ भागात आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावानं उभारलेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. चिनी भाषा शिकले, तिथल्याच परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. त्यात भारत आणि चीन, दोन्ही देश आहेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, फेफऱ्याच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी ही कथा पुस्तकात आणली आणि शांतारामांनी पडद्यावर. मुख्य भूमिका शांतारामांनी स्वतः केली, जयश्रीबाईंनी छिंगलान रंगवली. संगीत वसंत देसाईंचं. कोटणीसांना जाऊन चार वर्षंच झाली होती, देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, आणि चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही काढली गेली. या चित्रपटातला एक योगायोग मला फार आवडतो. डॉक्टरांचं पूर्ण नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. पडद्यावर त्यांना जिवंत करणारा नटही शांतारामच.

नकाशा बघा. ज्या कॉलेजात हा पोरगा डॉक्टर झाला आणि ज्या स्टुडिओत त्याचं आयुष्य पुन्हा उभं केलं गेलं, ती दोन्ही ठिकाणं परळमध्येच आहेत. सोलापूरच्या भैय्या चौकातलं त्यांचं घर महापालिकेनं स्मारक म्हणून जपलंय. ते न बघता परळला गेलात तर अर्धीच गोष्ट बघितली असं समजा. शाळेच्या सहली प्रत्येक वर्षी इथं आल्या पाहिजेत, असं मला अगदी कळकळीनं वाटतं.

सोलापूरची खलनायिका

जवळकरांची शशिकला. जन्म सोलापूरचा, १९३२ चा. घर खातंपितं होतं, पण वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि कुटुंब काम शोधत मुंबईला आलं. स्टुडिओमागून स्टुडिओ पायाखाली घालणाऱ्या या मुलीला नूरजहाँनं हेरलं आणि 'झीनत'मधल्या (१९४५) बायकांच्या कव्वालीत उभं केलं. पुढं तिच्या भुवईच्या एका हालचालीनं थिएटरातल्या बायका बोटं मोडायच्या. 'आरती' आणि 'गुमराह'साठी लागोपाठ दोन वर्षं फिल्मफेअर मिळालं, २००७ मध्ये पद्मश्री.

राजकमलशी तिचं नातं 'तीन बत्ती चार रास्ता'मुळं (१९५३). एका घरात निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या सुना, प्रत्येकीची भाषा वेगळी, असं त्याचं कथानक. त्या सुनांमध्ये शशिकला होती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी एकाच गल्लीत ऐकत वाढणाऱ्या गावातल्या मुलीला हा सेट परका वाटला नसणार. आजही आपल्याकडे पूर्व भागात तेलुगू सिनेमाला होणारी गर्दी बघा, भागवत थिएटरच्या आवारातून बाहेर पडणाऱ्या लोकांच्या गप्पा ऐका. शांतारामांचा तो सेट आपल्याकडे रोज भरतो.

सांगोल्याच्या शेजारची गोष्ट बर्लिनला

'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आठवतोय ना? सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. ही कल्पना औंध संस्थानात खरोखर राबवलेल्या प्रयोगावरून आली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत १९३९ मध्ये वसवली गेली, ना भिंत ना गज. आपला सांगोला ओलांडला की आटपाडी. कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी आणि त्यांचा जन्म त्याच आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा, म्हणजे लेखक अगदी घरचा. चित्रपटाला बर्लिनमध्ये सिल्व्हर बेअर मिळालं. बैलाशी झुंजीचा प्रसंग शांतारामांनी स्वतः केला, त्यात डोळ्यांना जबर इजा झाली आणि काही काळ ते अंधारात पडून होते.

नायगावचा दादा

दादर पूर्वेला लागूनच नायगाव. तिथल्या गिरणी कामगाराच्या घरात १९३२ मध्ये कृष्णा कोंडके जन्मला. पुढं सगळा महाराष्ट्र त्याला दादा म्हणू लागला. 'सोंगाड्या' (१९७१) दादरच्या कोहिनूर थिएटरात लागणार होता, पण मालकानं ऐनवेळी देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला पसंती दिली. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि 'सोंगाड्या' लागला. नंतर दादांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, गिनीज बुकात नोंद झाली. खेड्यापाड्यांतल्या यात्रांमधल्या तंबूत दादांचा सिनेमा लागला की माणसं बैलगाड्या जुंपून यायची.

फिरून पाय दुखले असतील तर लालबागच्या भारतमाता सिनेमाकडे वळा. गिरणी कामगारांनी मोठं केलेलं, मराठी सिनेमा आवर्जून लावणारं हे थिएटर आहे. खेळ चालू असेल तर तिकीट काढून आत बसा.

आता उलटी गाडी

शंभर वर्षं सोलापूरची माणसं सिनेमासाठी मुंबईला जात होती. नागराज मंजुळे यांनी ती गाडी फिरवली. त्यांचं गाव जेऊर, करमाळा तालुक्यातलं, सिद्धेश्वर ज्या लोहमार्गानं जाते त्याच मार्गावरचं. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला आणि करमाळ्याची बारव, कमलाभवानीचा परिसर, उजनीचं पाणी ही सगळी प्रेक्षणीय स्थळं होऊन बसली. पुण्या-मुंबईहून गाड्या भरून पोरंपोरी तिथं फोटो काढायला आली. नायिका आर्ची म्हणजे अकलूजची शाळकरी मुलगी, रिंकू राजगुरू. राष्ट्रीय पुरस्कारांत तिला विशेष उल्लेख मिळाला तेव्हा लोकांनी चित्रपट अजून थिएटरात पाहिलाही नव्हता. नंतर कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदीत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. आमच्याकडच्या बोलीत आर्चीनं दम भरला आणि त्या बोलीला गावंढळ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली, याचं मोल मला कोणत्याही पुरस्काराहून जास्त वाटतं.

आणि या चित्रपटाचं संगीत कुठं ध्वनिमुद्रित झालं? अजय-अतुल यांनी त्यातला वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत वाजवून घेतला. तो स्टुडिओ पूर्वी मेट्रो-गोल्डविन-मेयरचा होता, ज्यांचं ताऱ्यांचं ब्रीद रणजीतनं दादरला आणलं त्याच कंपनीचा. उसाच्या फडात आणि केळीच्या बागेत रंगलेल्या प्रेमाला तिथल्या व्हायोलिनवाल्यांनी साथ दिली.